राज्याच्या न्यायासनावरची तीस वर्षे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांचा विषय एकमेकांना लागून असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. सुरुवात सांगलीच्या पत्राने करतो, कारण इतर प्रश्न समजून घ्यायचे तर त्या पत्रातल्या शंकेचे निरसन आधी व्हायला हवे.

प्रश्न : माझी मुलगी बरीच वर्षे कॅलिफोर्नियात राहते. तिकडचे नागरिकत्व मिळाल्यावर तिने पहिल्यांदा मतदान केले, तेव्हा मतपत्रिकेवर गव्हर्नरपदाच्या उमेदवारांबरोबर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायाधीशांचीही नावे होती आणि प्रत्येक नावापुढे ‘होय’ आणि ‘नाही’ एवढेच दोन पर्याय होते. सर्वोच्च न्यायालय देशाला एकच असते ना? आणि न्यायाधीशाला मत द्यायचे म्हणजे नेमके कशासाठी द्यायचे? — एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : ताई, आपल्याकडे न्यायालयांची एकच शिडी आहे. तालुक्याच्या न्यायालयातला दावा जिल्हा न्यायालयात, तिथून उच्च न्यायालयात आणि शेवटी दिल्लीला जातो. कायदा संसदेने केलेला असो वा विधानसभेने, तो चालतो याच न्यायालयांत. अमेरिकेत अशा दोन शिड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. एक संघराज्याची आणि दुसरी प्रत्येक राज्याची स्वतःची. पन्नास राज्यांना पन्नास संविधाने आहेत, आणि करार, जमीन, वारसा, विवाह, अपघाताची भरपाई व बहुतेक सगळे फौजदारी गुन्हे हे विषय प्रामुख्याने राज्याच्या कायद्याखाली येतात. राज्याच्या कायद्याचा अर्थ काय, याविषयी त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा शब्द अखेरचा असतो. संघराज्याच्या संविधानाचा किंवा कायद्याचा प्रश्न गुंतलेला असेल तरच वॉशिंग्टनचे न्यायालय, म्हणजे संघराज्याचे सर्वोच्च न्यायालय, त्यात लक्ष घालू शकते. म्हणूनच राज्याच्या या न्यायालयाला आपल्या उच्च न्यायालयाच्या जागी कल्पून चालत नाही. त्याचा अधिकार काही बाबतींत त्याहून बराच मोठा आहे.

नावांचा घोटाळा मात्र आहे. न्यूयॉर्क राज्यात ‘सुप्रीम कोर्ट’ हे नाव खटले प्रथम चालवणाऱ्या न्यायालयाचे आहे आणि सर्वांत वरचे न्यायालय ‘कोर्ट ऑफ अपील्स’ म्हणून ओळखले जाते. मेरीलँडमध्येही वरच्या न्यायालयाचे नाव असेच होते, ते २०२२ मध्ये बदलून सुप्रीम कोर्ट करण्यात आले. टेक्सास आणि ओक्लाहोमा या राज्यांत तर दिवाणी आणि फौजदारी कामांसाठी दोन वेगवेगळी शेवटची न्यायालये आहेत.

आता मतपत्रिकेविषयी. कॅलिफोर्नियात १९३४ पासून एक विशिष्ट पद्धत चालू आहे. गव्हर्नर न्यायाधीशाचे नाव सुचवतो. राज्याचे सरन्यायाधीश, महाधिवक्ता आणि अपील न्यायालयातील एक ज्येष्ठ न्यायाधीश अशा तिघांचा आयोग त्या नावाला मान्यता देतो किंवा नाकारतो. मान्यता मिळाली की ती व्यक्ती काम सुरू करते, आणि गव्हर्नरच्या पुढच्या निवडणुकीत मतदारांना विचारले जाते की यांना पदावर राहू द्यायचे का. समोर प्रतिस्पर्धी उमेदवार नसतो आणि नावापुढे पक्षही लिहिलेला नसतो. पूर्ण मुदत बारा वर्षांची असते व ती संपली की पुन्हा हाच प्रश्न मतदारांपुढे येतो. आपल्या मुलीच्या हाती आलेली मतपत्रिका ती हीच. इतर राज्यांच्या रीती निराळ्या आहेत. मॅसॅच्युसेट्समध्ये न्यायाधीश नेमणुकीने येतात आणि सत्तराव्या वर्षापर्यंत राहतात, ऱ्होड आयलंडमध्ये त्यांना तहहयात नेमतात, व्हर्जिनियात त्यांची निवड विधिमंडळ करते आणि टेक्सासमध्ये ते चक्क पक्षाच्या तिकिटावर उभे राहतात.

प्रश्न : मी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अशा न्यायाधीशाची कारकीर्द प्रत्यक्षात कशी घडते, हे एखाद्या व्यक्तीच्या आयुष्यावरून समजावून सांगाल का? त्यासाठी परीक्षा असते की वकिलीचा अनुभव लागतो? — एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : परीक्षा नसते. कॅलिफोर्नियात दहा वर्षे वकिलीची सनद असणे किंवा तेवढा काळ न्यायाधीश म्हणून काम केलेले असणे पुरते. उदाहरण म्हणून मी रॉजर ट्रेनर यांचे नाव घेईन, आणि या उत्तराला थोडी जास्त जागा लागली तरी ती घेणार आहे, कारण राज्याच्या न्यायासनावर बसून एक माणूस किती करू शकतो हे त्यांच्याइतके स्वच्छ दाखवणारी कारकीर्द मला दुसरी माहीत नाही.

ट्रेनर यांचा जन्म १९०० साली यूटा राज्यातील पार्क सिटी या खाणकामगारांच्या गावी, आयर्लंडहून आलेल्या कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आले आणि तिथेच रमले. १९२६ मध्ये राज्यशास्त्रातील पीएच.डी. आणि १९२७ मध्ये कायद्याची पदवी त्यांनी मिळवली, आणि पुढे त्याच विद्यापीठात ते कायदा शिकवू लागले. त्यांचा खास विषय करआकारणीचा होता. महामंदीच्या काळात कॅलिफोर्नियाने विक्रीकर आणि आयकर सुरू केले, तेव्हा ते कायदे बेतण्याच्या कामात त्यांचा मोठा हात होता. वॉशिंग्टनच्या अर्थखात्यालाही त्यांनी सल्ला दिला होता. न्यायाधीश म्हणून मात्र त्यांनी एक दिवसही काम केलेले नव्हते.

१९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयात जागा रिकामी झाली, तेव्हा गव्हर्नर कल्बर्ट ओल्सन यांनी प्रथम ट्रेनर यांचेच सहकारी, प्राध्यापक मॅक्स रेडिन यांचे नाव सुचवले होते. तिघांच्या आयोगाने ते नाकारले. त्या नकारामागे रेडिन यांच्या डाव्या विचारांविषयीचा संशय होता आणि आयोगात महाधिवक्ता म्हणून बसलेले अर्ल वॉरन विरोधात होते. मग ट्रेनर यांचे नाव आले, ते मान्य झाले आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत मतदारांनीही ‘होय’ म्हटले. एका विद्वानाची वाट अडवली गेली म्हणून दुसऱ्याला ती मिळाली, हे सांगायला हवे, कारण न्यायाधीशांच्या चरित्रांत नेमणुकीमागचे राजकारण बहुधा गाळले जाते.

आपल्याकडे वर्गातला शिक्षक असा थेट वरच्या न्यायासनावर जात नाही. सर्वोच्च न्यायालयात ‘ख्यातनाम विधिज्ञ’ नेमण्याची तरतूद संविधानाच्या अनुच्छेद १२४ मध्ये आहे, परंतु तिचा वापर आजवर एकदाही झालेला नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकवले होते खरे, पण तेही खालच्या न्यायालयांतील दीर्घ नोकरीनंतरच १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात पोचले.

प्राध्यापक न्यायाधीश झाला की काय होते, ते १९४४ च्या एका खटल्यात दिसले. एका उपाहारगृहात काम करणारी बाई कोकाकोलाच्या बाटल्या पेटीतून काढून शीतकपाटात ठेवत होती. पेट्या येऊन किमान छत्तीस तास झाले होते. तीन बाटल्या ठेवून झाल्या आणि चौथी हातातच फुटून तिला खोल जखम झाली. एस्कोला खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. कंपनीची नेमकी चूक कोणती, हे त्या बाईला दाखवता येईना, कारण बाटली भरताना ती तिथे नव्हती. न्यायालयाच्या बहुमताने, अशी बाटली निष्काळजीपणाशिवाय फुटत नाही असे गृहीत धरता येते, या जुन्या नियमाचा आधार घेऊन तिच्या बाजूने निकाल दिला. ट्रेनर यांना निकाल मान्य होता, कारण मान्य नव्हते. त्यांनी स्वतंत्र निकालपत्र लिहिले. वस्तू ग्राहकाकडून तपासली जाणार नाही हे ठाऊक असताना जो ती बाजारात आणतो, त्याने तिच्यातील दोषामुळे झालेल्या इजेची जबाबदारी घ्यावी, मग निष्काळजीपणा सिद्ध होवो वा न होवो, असे त्यांचे म्हणणे होते. अपघाताचा खर्च एकट्या जखमी माणसाला उद्ध्वस्त करतो. उत्पादक मात्र त्याचा विमा उतरवू शकतो आणि तो भार किमतीतून सर्वांवर थोडा थोडा वाटू शकतो, हे साधे व्यावहारिक सत्य त्यांनी निकालपत्रात मांडले.

त्या दिवशी त्यांच्या बाजूने दुसरा एकही न्यायाधीश नव्हता. पुढची एकोणीस वर्षे ते मत कायद्याच्या पुस्तकात तसेच पडून राहिले, असे वरवर वाटेल, परंतु या काळात प्राध्यापक ते शिकवत होते आणि वकील युक्तिवादांत त्याचा उल्लेख करत होते. १९६३ मध्ये ग्रीनमन खटला आला. पत्नीने १९५५ च्या नाताळात भेट म्हणून दिलेल्या सुतारकामाच्या यंत्रावर एक गृहस्थ लाकडाचा पेला घडवत होते, आणि यंत्राची पकड सैल पडून तो लाकडाचा ठोकळा उडून त्यांच्या कपाळावर बसला. उत्पादकाचा बचाव असा की तक्रारीची नोटीस वेळेत मिळाली नाही. या वेळी निकालपत्र ट्रेनर यांनी लिहिले आणि न्यायालय एकमताने त्यांच्यामागे उभे राहिले. अशा प्रकरणात ग्राहक आणि विक्रेता यांच्यातल्या कराराच्या अटी शोधत बसण्याचे कारण नाही, सदोष वस्तूने इजा झाली की उत्पादक जबाबदार, असा नियम त्यांनी घालून दिला. तो थोड्याच वर्षांत अमेरिकेतील बहुतेक राज्यांनी उचलला. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘उत्पादन दायित्व’ नावाचे संपूर्ण प्रकरण आहे. ते वाचताना त्या चौथ्या बाटलीची आठवण अवश्य ठेवा.

दुसरा खटला १९४८ चा, पेरेझ विरुद्ध शार्प. गोऱ्या व्यक्तीने कृष्णवर्णीय, ‘मंगोलियन’ किंवा ‘मलय’ वंशाच्या व्यक्तीशी विवाह करू नये, असा कायदा कॅलिफोर्नियात होता. मेक्सिकन वंशाची, म्हणून कायद्याच्या नजरेत गोरी ठरणारी एक तरुणी आणि एक कृष्णवर्णीय तरुण लॉस एंजेलिसच्या कार्यालयात विवाहाचा परवाना मागायला गेले आणि त्यांना तो नाकारला गेला. दोघेही कॅथलिक होते व त्यांच्या चर्चला या विवाहात काही गैर दिसत नव्हते. तेव्हाच्या ४८ राज्यांपैकी बहुसंख्य राज्यांत असे कायदे होते आणि देशातील कोणत्याही वरिष्ठ न्यायालयाने त्या शतकात तोवर असा कायदा रद्द ठरवला नव्हता. न्यायालय चार विरुद्ध तीन असे विभागले. मुख्य निकालपत्र ट्रेनर यांचे होते. विवाहाचा हक्क व्यक्तीचा आहे, वंशाच्या गटाचा नाही, ही त्याची मध्यवर्ती भूमिका. गोऱ्यांना आणि काळ्यांना वेगळे पण सारखे डबे दिले की समानता राखली गेली, असे रेल्वेच्या खटल्यांत मानले जात असे. त्यावर त्यांनी लिहिले की माणसांनाही आगगाड्यांसारखे एकाच्या जागी दुसरे चालेल असे समजणे म्हणजे त्यांचे मोल आणि प्रतिष्ठा हिरावून घेणे होय. ज्या व्यक्तीशी विवाह करायचा आहे तिच्याऐवजी दुसरी कोणी चालत नसते, ही गोष्ट कायद्याच्या भाषेत इतक्या सरळपणे मांडलेली मी दुसरीकडे वाचलेली नाही.

एकोणीस वर्षांनी, १९६७ मध्ये, वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने लव्हिंग खटल्यात उरलेल्या सोळा राज्यांतील असे कायदे घटनाबाह्य ठरवले आणि कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने हे प्रथम ओळखले होते, अशी नोंद निकालपत्राच्या तळटीपेत केली. ते निकालपत्र लिहिणारे सरन्यायाधीश होते अर्ल वॉरन, म्हणजे १९४० मध्ये ट्रेनर यांच्या नावाचा विचार करणाऱ्या आयोगातील महाधिवक्ता.

१९६४ मध्ये ट्रेनर राज्याचे सरन्यायाधीश झाले आणि १९७० मध्ये, वयाची सत्तर वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास, निवृत्त झाले. त्यानंतर ते सॅन फ्रान्सिस्कोच्या हेस्टिंग्ज विधी महाविद्यालयात पुन्हा वर्गात उभे राहिले. १९८३ मध्ये त्यांचे निधन झाले.

प्रश्न : न्यायाधीशाने स्वतःचेच आधीचे मत बदलले, तर पक्षकारांचा न्यायसंस्थेवरचा विश्वास डळमळीत होत नाही का? — एक निवृत्त सरकारी वकील, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : डळमळीत होऊ शकतो, जर बदलाचे कारण लपवलेले असेल. याही बाबतीत ट्रेनर यांचेच उदाहरण देतो. पोलिसांनी बेकायदा झडती घेऊन मिळवलेला पुरावा न्यायालयाने स्वीकारावा का, हा प्रश्न १९४२ मध्ये त्यांच्यापुढे आला होता. पुरावा खरा असेल तर तो स्वीकारावा आणि पोलिसाच्या गैरवर्तनाचा इलाज वेगळा करावा, असे त्यांनी तेव्हा लिहिले. हा दृष्टिकोन आपल्याला अपरिचित नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही पूरणमल खटल्यात १९७३ च्या अखेरीस साधारण हीच भूमिका घेतली.

तेरा वर्षांनी कॅहान खटला आला. घोड्यांच्या शर्यतीवर सट्टा घेणाऱ्यांच्या जागांत पोलिसांनी वरिष्ठांच्या संमतीने, पण कोणत्याही न्यायालयीन परवान्याशिवाय, चोरून ध्वनिग्राहक बसवले होते आणि दारे फोडून प्रवेश केला होता. पोलीस हे सारे साक्षीत बिनदिक्कत सांगत होते. १९५५ मध्ये चार विरुद्ध तीन अशा बहुमताने तो पुरावा बाद झाला आणि निकालपत्र लिहिणारे होते स्वतः ट्रेनर. दरम्यानच्या वर्षांत त्यांनी पाहिले होते की बेकायदा पुरावा हा अपवाद राहिलेला नाही, तो रोजचा परिपाठ झाला आहे, आणि वेगळा म्हणून जो इलाज सांगितला होता तो कोणी करत नाही. असा पुरावा हाती घेत राहिले तर न्यायालय त्या बेकायदा कृत्यात सहभागी होते, हे त्यांनी उघडपणे लिहिले. पुढे एका लेखात आपल्या शंका कशा वाढत गेल्या, हेही त्यांनी सांगितले. १९६१ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयाने हाच नियम सर्व राज्यांना लागू केला.

आपण वर्षानुवर्षे न्यायालयात उभे राहिलेले आहात, म्हणून आपल्यापुढे माझे मत नम्रपणे मांडतो. आधीच्या निकालातला कोणता तर्क अनुभवाने चुकीचा ठरला, हे न्यायाधीशाने स्वतःच्या हाताने लिहून ठेवले, तर हरलेल्या पक्षकारालाही निदान ते तपासून पाहता येते. गप्प राहून, शब्दांची ओढाताण करून जुना निकाल वळवला जातो, तेव्हा मला अधिक काळजी वाटते.

प्रश्न : निवडणुकीत पडण्याची भीती असलेला न्यायाधीश निर्भय न्याय देऊ शकेल, हे पटत नाही. प्रत्यक्षात काय घडते? — एक वाचक, ठाणे

उत्तर : आपली शंका निराधार नाही. ट्रेनर यांनी पेरेझ खटल्याचा निकाल दिला तेव्हा जनमत त्यांच्या बाजूने नव्हते, तरी मतदारांनी त्यांना काढले नाही, कारण त्या काळात या ‘होय-नाही’कडे फारसे कोणी लक्ष देत नसे. हे चित्र १९८६ मध्ये पालटले. रोझ बर्ड या कॅलिफोर्नियाच्या पहिल्या महिला सरन्यायाधीश. गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी १९७७ मध्ये त्यांना नेमले, आणि ट्रेनर यांच्याप्रमाणे त्यांनाही न्यायाधीशपदाचा पूर्वानुभव नव्हता. १९७८ मध्ये त्या जेमतेम बहुमताने टिकल्या. त्यांच्यापुढे आलेल्या मृत्युदंडाच्या प्रत्येक प्रकरणात त्यांनी शिक्षा रद्द करण्याच्या बाजूने मत दिले. १९८६ च्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध मोठी मोहीम उभी राहिली, सुमारे दोन-तृतीयांश मतदारांनी ‘नाही’ म्हटले आणि त्यांच्याबरोबर क्रूझ रेनोसो व जोसेफ ग्रोडिन हे दोन न्यायाधीशही घरी गेले. रेनोसो हे त्या न्यायालयातले पहिले लॅटिनो न्यायाधीश होते. १९३४ पासून असा पराभव त्या न्यायालयात कोणाच्याही वाट्याला आला नव्हता.

बर्ड यांच्या प्रत्येक मताशी सहमत असण्याची गरज नाही. मला स्वतःला त्यांच्या काही निकालांतला तर्क अपुरा वाटतो. परंतु मतदारांपुढे गेली ती खून झालेल्यांच्या नातेवाइकांची दूरचित्रवाणीवरील आवाहने, आणि निकालपत्रे वाचून मत दिले अशी माणसे फार थोडी असणार. ती आवाहने करणाऱ्यांचे दुःख खरे होते. कायद्याचा मुद्दा मात्र त्या दुःखाने सुटत नाही, आणि न्यायाधीशाला प्रचारसभेत उभे राहून त्याचे उत्तरही देता येत नाही.

आयोवा राज्यातही असेच घडले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००९ मध्ये समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क एकमताने दिला, आणि पुढच्याच वर्षी सरन्यायाधीश मार्शा टर्नस यांच्यासह ज्या तीन न्यायाधीशांची नावे मतपत्रिकेवर होती, ते तिघेही पडले. निकाल मात्र कायम राहिला. जिथे थेट लढत होते, तिथे पैशाचा प्रश्न आणखी गंभीर आहे. वेस्ट व्हर्जिनियात एका कोळसा कंपनीच्या प्रमुखाने २००४ च्या निवडणुकीत एका उमेदवाराच्या बाजूने सुमारे ३० लाख डॉलर खर्च केले. तो उमेदवार न्यायाधीश झाला आणि त्याच कंपनीविरुद्धचा ५ कोटी डॉलरचा निवाडा तीन विरुद्ध दोन अशा मतांनी रद्द करणाऱ्यांत तोही होता. त्याने त्या खटल्यातून बाजूला व्हायला हवे होते, असे वॉशिंग्टनच्या न्यायालयाने २००९ मध्ये केपर्टन खटल्यात सांगितले, पण तेही पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने. २०२५ मध्ये विस्कॉन्सिनच्या एका जागेसाठी झालेला एकूण खर्च १० कोटी डॉलरच्या वर गेला.

आपल्याकडे न्यायाधीश निवडणुकीला उभे राहत नाहीत, याचे मला मनापासून समाधान आहे. तरीही एक गोष्ट त्या मतपत्रिकेच्या बाजूने सांगायला हवी. कॅलिफोर्नियात नाव कोणी सुचवले, कोणत्या तिघांनी मान्य केले आणि कोणत्या वर्षी, हे नागरिकाला माहीत असते. आपल्याकडे न्यायवृंदाच्या, म्हणजे नेमणुकीसाठी नावे ठरवणाऱ्या ज्येष्ठ न्यायाधीशांच्या, बंद खोलीत कोणते नाव का मागे पडले, हे त्या वकिलालासुद्धा पुष्कळदा कळत नाही.

प्रश्न : राज्याच्या न्यायालयातून वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात बढती मिळते का? — एक वाचक, पणजी

उत्तर : बढती अशी नसते, नवी नेमणूक होते. ऑलिव्हर वेंडेल होम्स मॅसॅच्युसेट्समध्ये वीस वर्षे काम करून १९०२ मध्ये, बेंजामिन कार्डोझो न्यूयॉर्कहून १९३२ मध्ये आणि विल्यम ब्रेनन न्यू जर्सीहून १९५६ मध्ये तिकडे गेले. डेव्हिड सूटर यांनी न्यू हॅम्पशायरच्या सर्वोच्च न्यायालयात काम केले होते आणि १९९० मध्ये ते वॉशिंग्टनला नेमले गेले. त्यांच्यानंतर अशी पार्श्वभूमी असलेले कोणी तिथे गेलेले नाही. ट्रेनर गेले नाहीत, आणि त्यांच्या कामाचे वजन त्यामुळे कमी झालेले दिसत नाही.

प्रश्न : आमच्या साताऱ्यात जन्मलेले न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर १९६४ ते १९६६ या काळात भारताचे सरन्यायाधीश होते. त्याच सुमारास अमेरिकेतील राज्यांच्या न्यायालयांत जे चालले होते, त्याचा आपल्याशी काही संबंध लागतो का? — एक वाचक, सातारा

उत्तर : फार जवळचा संबंध लागतो. गजेंद्रगडकर १९०१ चे आणि ट्रेनर १९०० चे, आणि दोघेही सरन्यायाधीश झाले १९६४ मध्येच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एकच प्रश्न दोघांपुढे जवळजवळ एकाच वेळी आला. सरकारी नोकराच्या निष्काळजीपणाने नागरिकाचे नुकसान झाले, तर सरकारवर दावा करता येतो का? ‘राजा चूक करत नाही’ या जुन्या इंग्रजी कल्पनेतून सरकारला मिळालेले संरक्षण दोन्ही देशांत शिल्लक होते.

कॅलिफोर्नियातील मस्कॉफ खटल्यात एका सार्वजनिक रुग्णालयात दाखल झालेली महिला कर्मचाऱ्यांच्या हयगयीमुळे पडली आणि तिच्या मोडलेल्या खुब्याला आणखी इजा झाली. ट्रेनर यांनी १९६१ मध्ये लिहिले की हे संरक्षण चुकीचे व अन्याय्य आहे, ते न्यायालयांनीच निर्माण केले, म्हणून न्यायालयानेच ते टाकून द्यावे. विधिमंडळ खडबडून जागे झाले. त्याने निकालाचा परिणाम काही काळ थांबवला आणि १९६३ मध्ये सरकारची जबाबदारी कुठे असेल व कुठे नसेल, याचा तपशीलवार कायदा केला.

आपल्याकडचा खटला कस्तुरीलाल यांच्या पेढीचा. १९४७ मध्ये मेरठला पोलिसांनी पेढीच्या एका भागीदाराला संशयावरून पकडले आणि त्याच्याजवळचे १०३ तोळ्यांहून अधिक सोने ठाण्याच्या मालखान्यात ठेवले. एक हवालदार ते घेऊन पाकिस्तानात पळाला. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठासाठी निकालपत्र गजेंद्रगडकर यांनी लिहिले. पोलिसांची अक्षम्य हयगय त्यांनी मान्य केली, परंतु अटक आणि जप्ती ही सार्वभौम कामे असल्यामुळे राज्याला भरपाई द्यायला लावता येत नाही, असा निर्णय दिला. त्यांना तो सुखाचा वाटला नव्हता. कायद्याची ही स्थिती समाधानकारक नाही आणि विधिमंडळाने त्यात लक्ष घालावे, असे त्यांनी निकालातच नोंदवले आहे.

गजेंद्रगडकर यांच्याविषयी, विशेषतः कामगार कायद्यातील त्यांच्या कामाविषयी, मला नितांत आदर आहे. पण या एका प्रश्नावर मला ट्रेनर यांची वाट योग्य वाटते, आणि त्याचे कारण पुढे जे घडले त्यात आहे. संरक्षण काढून घेतल्यावर कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाला दोन वर्षांत कायदा करावा लागला. आपल्या संसदेपुढे १९६५ आणि १९६७ मध्ये विधेयके आली आणि ती तशीच व्यपगत झाली. सरकारचा बचाव शाबूत असल्यामुळे कोणाला घाई नव्हती. पुढे १९९३ च्या नीलाबती बेहेरा खटल्यात मूलभूत हक्कांचा भंग झाल्यास भरपाईची वाट मोकळी झाली, आणि १९९४ च्या नागेंद्र राव खटल्यात जप्त केलेल्या खतसाठ्याच्या नुकसानीसाठी सर्वोच्च न्यायालयाने राज्याला जबाबदार धरले. कस्तुरीलालचा निकाल आता खूपच आकसला आहे, पण मोठ्या पीठाने तो आजही रद्द केलेला नाही. जप्त मालाच्या नुकसानीचा दावा आला की सरकारी वकील अजून त्याच निकालाचा आधार घेऊ पाहतात आणि नागरिकाच्या वकिलाला नीलाबती बेहेरा व नागेंद्र राव हे दोन निकाल पुढे ठेवून त्याचे उत्तर द्यावे लागते.